एर्न्स्टना जागा मिळाली

पोर्ट्समथ, १८६९

थोरले भाऊजी,

तुमचे धाकटे भाऊ गेले. राजपुत्र असून ते कोवळ्या वयात इंग्रजांच्या आरमारात शिरले, कप्तान झाले आणि चीनच्या लढाईतल्या तापाने खंगून घरी बसले. खलाशाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून घराण्याच्या कबरस्तानात त्यांना तुम्ही जागा नाकारली. शेवटी ते म्हणाले, "मग मला समुद्रात सोड, हॅरिएट."

आरमाराच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "बाई, जहाजावर वारले असते तर जमलं असतं."

काल त्यांना गावातच पुरलं. पाथरवटाने विचारलं, "काय कोरू, राजपुत्र की कप्तान?"

"दोन्हीकडून नकार आलाय. नुसतं एर्न्स्ट कोरा."

हे पत्र पाठवत नाही. माझं अक्षर दिसलं की तुम्ही न फोडताच परत करता.

तुम्ही कधी न पाहिलेली भावजय,
हॅरिएट