मागे उभा असलेला

लॅनन्स आर्म, न्यूफाउंडलंड
६ मार्च २००४

प्रिय लोरेटाताईस,
धाकट्या डिम्फ्नाचा स. न. वि. वि.

पत्र मिळालं, सोबत भाच्याचा बोळक्या तोंडाचा फोटोही. आईने तो फ्रिजवर लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. फोन का करत नाहीस म्हणून रागावू नकोस. फोन तिच्या खुर्चीला खेटून आहे, आणि आजची बातमी तिच्यासमोर बोलण्यासारखी नाही.

शेजारच्या गस आणि व्हर्नाची केझिया आठवते ना? तू शेवटची आलीस तेव्हा पाळण्यात होती. आता सात वर्षांची आहे. तिला रक्ताचा कॅन्सर निघालाय. सेंट जॉन्सच्या दवाखान्यात ठेवलीय, आणि ती दोघं तिथेच एक खोली भाड्याने घेऊन राहताहेत. गसची बोट धक्क्यावर उलटी पडून आहे. म्हणून गावाने ठरवलंय की वीस तारखेच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये डोकी भादरायची. ज्याने त्याने आपल्या डोक्यावर वर्गणी गोळा करायची आणि सगळी केझियाच्या आई-वडिलांना पोचवायची. सात-आठ पुरुष तयार झालेत, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर भादरण्यासारखं काही नाहीच. बायकांमधून मी एकटी.

हो, मी. हसू नकोस. केझियाला माझी वेणी घालायला फार आवडायचं. तिचे केस गळायला लागले तेव्हा तिने फोनवर विचारलं की टक्कल झालं की थंडी वाजते का. मी म्हटलं, आधी मी करून बघते, मग सांगते. आता शब्दाला जागायला हवं.

आईला कळलं आणि ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं तेच जुनं. घरचा माणूस समुद्रावर असताना बाईने केसांना कात्री लावायची नाही. अँब्रोज गेला त्याला अकरा वर्षं झाली ताई, आणि तिच्या लेखी आपला भाऊ अजून समुद्रावरच आहे. चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा वाचू देत नाही, दफनभूमीत नावाचा दगड बसवू देत नाही. माझे केस कमरेच्या खाली आलेत ते काही हौसेने नव्हे.

तिकडे तुमच्या तेलखाणीच्या कँपमधल्या लोकांकडून माझ्या डोक्यासाठी काही जमव. सिरिल भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या डोक्यानंतरही राहो.

तुझी,
डिम्फ्ना

फोर्ट मॅकमरी, आल्बर्टा
१५ मार्च २००४

चि. डिम्फ्ना हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र कँपच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. इथे निम्मे लोक आपल्याच बेटावरचे, त्यामुळे सूपच्या रिकाम्या डब्यात बघता बघता नोटा पडल्या. सोबत मनीऑर्डर आहे. सिरिल म्हणतो, दुप्पट देतो, पण भुवया पण काढ म्हणावं. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

माझी काळजी आईची आहे. तू तिच्यासमोर एकदम तशी जाऊन उभी राहू नकोस. स्कार्फ बांधून जा, मग हळूहळू दाखव. अँब्रोजचं नाव निघालं तर वाद घालू नकोस. पोरी, तू चांगलं काम करते आहेस, मला तुझा अभिमान वाटतो. डोक्याला तेल लावत जा, वाऱ्याने कातडी सोलून निघेल.

सगळ्यांची आठवण काढणारी,
तुझी लोरेटाताई

लॅनन्स आर्म
२३ मार्च २००४

प्रिय ताईस,
टकल्या बहिणीचा नमस्कार वि. वि.

पार पडलं. हॉल खच्चून भरला होता. सेलिना आपलं पार्लर बंद करून यंत्र घेऊन आली होती. ओझी पॉवरने दाढीही दिली, वर म्हणाला की आता बायको घरात घेणार नाही, कुणाकडे जागा आहे का. बायका चहा आणि मैद्याच्या पिठाचे तळलेले टाउटन विकत होत्या. इतकं हसू या गावात मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी शेवटची होते. सेलिनाने वेणी मुळातून कापून माझ्या मांडीवर ठेवली. जड होती गं, झोपलेल्या मांजरासारखी. ती विगसाठी पाठवून देतील. मग यंत्र फिरलं. शेवटची बट पडली, मी हसत मान वर केली, आणि हॉल गप्प झाला. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. म्हाताऱ्या एलीकाकाने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून कप फुटला, आणि मग सगळे एकदम टाळ्या वाजवायला लागले, जरा जास्तच जोरात.

परत येताना मी सेलिनाला विचारलं की इतकी का वाईट दिसतेय मी. ती म्हणाली, वाईट नाही गं, अँब्रोज दिसतेस. तो दर वसंतात डोकं साफ करून घ्यायचा, आठवतं? मला कधी आमच्यात साम्य वाटलं नव्हतं. केसांखाली झाकलं गेलं असावं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे स्कार्फ बांधून घरी गेले. आई चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं, आणि मी स्कार्फची गाठ सोडायच्या आतच तिचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. म्हणाली, आलास का रे? किती उशीर! मग तिने ताटं मांडली. तिघांची.

मी म्हटलं, आई, मी डिम्फ्ना. ती म्हणाली, ते मला दिसतंय, बस जेवायला.

आता तूच सांग काय करू. केझियाला फोटो पाठवलाय. ती म्हणाली की माझ्यापेक्षा तुझं डोकं जास्त चकाकतं. बाकी क्षेम. पत्राची वाट बघते.

तुझी,
डिम्फ्ना

फोर्ट मॅकमरी
२ एप्रिल २००४

चि. डिम्फ्नास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राने माझी झोप उडाली. सिरिल म्हणतो की म्हातारपणी असं होतं, त्याची आजी कोटाच्या खुंटीशी बोलायची. मला ते पटत नाही. आईला गेल्या नाताळात सगळ्या नातवंडांचे वाढदिवस तोंडपाठ होते.

एक ऐक. तिला अँब्रोज म्हणून उत्तर देऊ नकोस. एकदा दिलंस की ते थांबवता येणार नाही. टोपी घाल. केस काय, महिन्याभरात बोटभर येतील आणि सगळं जागेवर येईल. डॉक्टरला दाखव, आणि मला लगेच कळव.

तुझीच,
लोरेटाताई

लॅनन्स आर्म
२५ एप्रिल २००४

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

उशीर झाला, क्षमस्व. कारखाना सुरू झालाय. खेकड्यांच्या वासात दिवस जातो.

डॉक्टरने आईला तपासलं. तारीख, वार, पंतप्रधान, सगळं तिने बरोबर सांगितलं, उलट त्यालाच विचारलं की तुझं लग्न कधी. तब्येत उत्तम म्हणाला. आणि खरंच उत्तम आहे. ती दोनदा वाढून घेते, स्वेटर विणायला घेतलाय, सकाळी गुणगुणते. पुरुषी मापाचा स्वेटर आहे. मला गुडघ्यापर्यंत येईल.

तू नको म्हटलं होतंस, पण मी उत्तरं देते, ताई. रागावू नकोस. ती विचारते, दमलास का रे? मी हूं म्हणते. त्यात कुणाचं काय जातं? कधी रे म्हणते, कधी गं, एकाच वाक्यात दोन्ही. मी वाट्याला येईल ते घेते. परवा तिने विचारलं, पाणी फार थंड होतं का रे? मी काही बोलायच्या आत तिनेच मान हलवली, डोळे पुसले आणि म्हणाली, बरं झालं बाबा, लवकर संपलं तर.

मी काहीच बोलले नव्हते.

ती माझ्याशी बोलते तेव्हा माझ्या डोळ्यांत बघत नाही, थोडं वर बघते. मी समजले की डोक्याकडे बघते. आणि माझं जेवण झालं की लगेच माझ्या खुर्चीमागची फरशी पुसते. मी म्हटलं, बूट मी दारात काढले होते. ती म्हणाली, तुला कोण बोललं?

आणखी एक. ओझीच्या डोक्यावर आता ब्रशसारखे केस आलेत, बाकीच्यांचेही. माझ्या डोक्यावर काही नाही. सेलिनाने बोट फिरवून पाहिलं आणि हात मागे घेतला. म्हणाली, कातडी थंडगार आहे गं. मानेला तर सारखी थंडी वाजते, चुलीपाशी बसले तरी. केझियाला मात्र मी सांगितलं की थंडी अजिबात वाजत नाही.

तिला मधे ताप चढला होता, आता उतरलाय. देवाची कृपा.

तुझी,
डिम्फ्ना

फोर्ट मॅकमरी
४ मे २००४

चि. डिम्फ्नास,
अ. उ. आ.

आज चेष्टा सुचत नाही. तुझं पत्र मी सिरिललाही दाखवलं नाही.

मला वाटतं की आईला त्याचा निरोप घ्यायचाच राहिलाय. तो सकाळी जाळी बघायला गेला, बोट सापडली, तो नाही. आई तेव्हा अंथरुणात होती, तो घरातून निघाल्याचंही तिला ऐकू आलं नव्हतं. तर तूच तो निरोप दे. त्याचा कोट घाल, टेबलाशी बस आणि त्याच्या वतीने सांग की जातो आता, वाट बघू नकोस. हे पाप असेल तर माझ्या माथी. पण हे लवकर कर. आई सुखात असेलही, मला तुझी भीती वाटते. तुझं अक्षर बदललंय, पोरी. उजवीकडे कलायला लागलंय.

आणखी काय लिहू. स्वतःला जप. तिकिटाची चौकशी करते आहे.

तुझी ताई

लॅनन्स आर्म
१६ मे २००४

प्रिय लोरेटाताईस,
नमस्कार वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आजच, रविवारी, चर्चमधून आल्यावर. आईने खारवलेलं मांस, बटाटे आणि कोबी शिजवला होता. ऊन छान पडलं होतं, खिडकीतून सगळी खाडी दिसत होती. वारा नव्हता. मी वर जाऊन अँब्रोजचा कोट घातला आणि येऊन टेबलाशी बसले. आईने कोटाकडे पाहिलं. तीन ताटं वाढली.

मी तिचा हात धरला आणि पाठ केलेलं बोलले. आई, मी जातो आता. तू वाट बघू नकोस. मिस्सा वाचून घे, दगड बसव. माझा आवाज फुटत होता, पण मी पुरं केलं.

आईने माझा हात थोपटला. म्हणाली की डिम्फ्ना, बाळ, हे सोंग कशाला? तो कोट काढ, उकडेल तुला. मी तुला कधी अँब्रोज म्हटलं का? आठवून बघ. माझी पोर मला ओळखू येत नाही होय?

मी आठवून पाहिलं, ताई. खरंच एकदाही नाही.

मी विचारलं, मग इतके दिवस तू बोलतेस कुणाशी?

ती म्हणाली, त्याच्याशी. तुझ्यामागे उभा असतो ना तो. त्या शनिवारी तुझ्याच पाठोपाठ दारातून आत आला, तेव्हापासून उभाच आहे. पहिल्या दिवसापासून ताट वाढते, पण बसत नाही. मला वाटलं होतं की तुला माहीत आहे, म्हणून तू त्याच्या वतीने हूं हूं करतेस. कपडे पार ओले आहेत बिचाऱ्याचे.

माझ्या मानेवरची थंडी तेव्हा खांद्यांवर उतरली, कुणी दोन्ही हात ठेवावेत तशी.

आई पुढे म्हणाली, पण तू बोललीस ते त्याला पटलेलं दिसतंय. मान हलवतोय. मग ती उठली, माझ्या बाजूने मागे गेली, आणि तिचा आवाज मला ऐकू येत राहिला. नीट जा रे. माझी काळजी करू नकोस, ही आहे. लोरेटा पण चांगली आहे, लांब आहे एवढंच. थांब, कॉलर सरळ करते. मग तिने दार उघडलं. बराच वेळ धरून ठेवलं, ऊन आत आलं. मग लावलं, येऊन बसली आणि माझ्या ताटात आणखी कोबी वाढला.

संध्याकाळी तिने स्वतः फादरना फोन करून मिस्साची तारीख मागितली. सहा जूनचा रविवार ठरलाय. येशील ना?

तुझी,
डिम्फ्ना

फोर्ट मॅकमरी
२५ मे २००४

चि. डिम्फ्नास,
आशीर्वाद.

तिकीट काढलं आहे, पाच तारखेला पोचते. बाकीचं प्रत्यक्ष बोलू. पण एक गोष्ट मी आईसमोर विचारू शकणार नाही, म्हणून लिहूनच विचारते, आणि मी पोचायच्या आत तूही लिहूनच उत्तर दे. तू मागे वळून पाहिलंस का?

ताई

लॅनन्स आर्म
३१ मे २००४

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

पत्र तुझ्या निघण्याआधी पोचेल अशी आशा आहे. पोस्टातल्या मुलीने तशी शपथ घेतली आहे.

इकडची खुशाली अशी की केझिया शुक्रवारी घरी आली. अजून औषधं आहेत, पण चालते, खाते, भांडते. गसने बोट सुलटी केली. केझियाच्या डोक्यावर बदकाच्या पिलासारखी लव आली आहे, आणि माझ्याही. तुला पत्र टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उशीला खरखर लागली. केझिया आमच्या दोघींच्या डोक्यावरची लव रोज बोटांनी मोजते आणि दरवेळी स्वतःलाच जिंकवते. आईने तो स्वेटर पुरा करून गसला दिला. मिस्साला ती निळा ड्रेस घालणार आहे, काळा नाही म्हणते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, ताई. मी वळले नाही.

घाबरले म्हणून नाही. थोडी घाबरलेही होते, खोटं कशाला बोलू. पण आई बसल्या जागेवरून माझ्यावरून पलीकडे बघत होती ना, तेव्हा तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. अकरा वर्षांचा थकवा त्यावर नव्हता. मी वळले असते आणि मागे फक्त चूल दिसली असती, तर ते माझ्या तोंडावर दिसलं असतं आणि आईच्या हातून तो त्याच क्षणी सुटला असता. आणि तो दिसला असता, तर मग मी त्याला जाऊ दिलं नसतं. त्याच्या बाहीला धरून बसले असते, आणि आई तिघांची ताटं मांडत राहिली असती. म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरली आणि दार लागेपर्यंत समोरच्या ताटाकडे बघत राहिले.

त्या ताटातला बटाटा अर्धा खाल्लेला होता. आईचं ताट पलीकडे तिच्या जागेवर होतं, माझं डावीकडे.

ये लवकर. तुझी खोली झाडून ठेवली आहे. भेटीअंती लोभ वाढावा.

तुझी,
डिम्फ्ना