पडद्यावरचं बोट

रविवार संध्याकाळ, आर. के. पुरम

आमच्या ऑफिसचा नवा लिनक्स इन्स्टॉलर, म्हणजे सीडीवरून कॉम्प्युटरवर लिनक्स सिस्टीम चढवणारा प्रोग्राम, चालवून बघायला आज आईलाच घरच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. "डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल" या इशाऱ्यापाशी ती थांबेल, अशी माझी खात्री. तिने बिनधास्त "पुढे" दाबलं.

"अगं, वाचलंस का तरी?"

"तू बोट ठेवलंस ना तिथे!"

खरंच की. माझंच बोट, सवयीने "पुढे"वर टेकलेलं. बाबांच्या सरकारी कागदांवरही ती अशीच सही करते, ते बोट ठेवतील तिथे.

डिस्क रिकामी होती, नशीब. पण ते बोट डोक्यातून जात नाहीये. इशारा लाल करू? मोठा करू? तिने पडद्याकडे पाहिलंच कुठे? उद्या ऑफिसात म्हणतील, बिल्कुल सोपा झालाय, यार. आणि ही सीडी ज्यांच्या घरी जाईल, त्यांच्या शेजारी कोण बसणार?