अंजिराची भिंत

आबा, बंगल्याच्या बागेची भिंत उद्या पाडणार आहेत. दुष्काळ सरला तशी तिथे इमारत उठवायची घाई सुरू झाली आहे. आज मी मुद्दाम तिकडून आले. तांबड्या विटांच्या फटींत तुम्ही ठोकलेले खिळे अजून आहेत, गंजून फुगलेले. एकावर आईच्या लुगड्याची चिंधी दिसली असं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर जळमट होतं.

गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरची मडम सांगायची, विलायतेत तिच्या माहेरी बागेला अशाच विटांच्या भिंती आहेत, त्यांना फळझाडं पसरून बांधतात आणि तापलेल्या विटांच्या उबेवर तिथल्या थंडीत फळ पिकतं. तिच्या हौसेसाठी सोलापुरात ती भिंत उभी राहिली आणि तुम्ही, बंगल्याचे माळी, अंजिराच्या फांद्या चिंध्यांनी खिळ्यांना बांधल्यात. चैत्रातच पानं करपली. पुढच्या वर्षीही तेच. मग भर दुपारी तुम्ही भिंतीवरच पाणी मारायला लागलात. एके दुपारी मी भाकरी घेऊन येते तेव्हा विटांतून वाफ निघत असते, तुमचा सदरा पाठीला चिकटलेला असतो. मी म्हणते, साहेबाच्या झाडापायी कशाला जीव काढता, सावलीला या की. तुम्ही माझ्याकडे वळूनही बघत नाही.

"सायेब कवाच म्हनलाय, सोडून दे. झाड माजं हाय. मडमेला हितलं अंजीर खायाला घालतो का न्हाय बघ."

त्याच दुपारी तुम्ही भिंतीच्या बुडाशी पडलात. पुन्हा बोलला नाहीत.

साहेबानं माझा माणूस उन्हात मारला, हे आई तेव्हापासून म्हणत आली. त्याच रागावर तिने विड्या वळल्या, मला कॉलेजपर्यंत शिकवलं. तुमचं ते बोलणं मी तिच्यापाशी कधी काढलं नाही. आता ती अंथरुणावरून उठत नाही. भिंत पाडणार म्हटल्यावर आज म्हणाली, "तू तितं हुतीस. शेवटचं काय म्हनले गं?"

मी तिचे पाय चेपत होते. हात थांबला. तुमचे खरे शब्द सांगायचे म्हणजे तिचा सगळा जन्म ज्या रागावर निभावला, तो काढून घ्यायचा. आणि तुमचा हट्टही तिच्या वाट्याला द्यायचा.

"सावलीला येतो म्हणाले," मी सांगितलं.

तिने मान हलवली. जरा वेळाने झोपली.

हे वहीतच राहू दे. मी खोटं बोलले ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे नक्की सांगता येत नाही. एवढंच कळतं की संध्याकाळपासून ते शब्द मला तुमच्याच आवाजात ऐकू येत आहेत, आणि मी ते थांबवत नाही.