डिंकाने चिकटवलेलं पेशीपटल

ती. दादांस साष्टांग नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? (तुमची बहीण कशी आहे, हे मी विचारत नाही. मी घरात एक वस्तू इकडची तिकडे करू देत नाही, म्हणून रागावून ती तुमच्याकडे आली, त्याला आज एकोणीस दिवस झाले.)

पत्राचं कारण वेगळंच आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची, प्रतिकृती तयार केली. कपडे भिजवायच्या टबात पाणी आणि त्यावर टेबल टेनिसचे दोनशे चेंडू. एकेक चेंडू म्हणजे त्या आवरणातल्या मेदाच्या रेणूचं डोकं; प्रत्येक रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्यांना पाणी आवडतं, शेपट्यांना खपत नाही, म्हणून खरे रेणू दोन थर करून शेपट्या आत लपवतात (खालचा थर मुलांनी मनात धरायचा होता). मधूनमधून प्रथिनं म्हणून थर्मोकोलचे रंगीत तुकडे सोडले. मग शाळा सुटल्यावर एकटाच बघत बसलो. पंख्याच्या वाऱ्याने चेंडू हळूहळू सरकत होते. अलीकडच्या कडेचा एक, कुणालाही न विचारता, पार पलीकडे पोचला. वाटलं, आपण एवढे घट्टमुट्ट होऊन हिंडतो, आणि आत कणाकणाला हे असं संथ तरंगणं चालू आहे. तास कसा गेला कळलं नाही. दादा, मला फार बरं वाटत होतं.

पण स्वभावाला औषध नाही. रांगा वाकड्या दिसायला लागल्या आणि मी पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाची बाटली काढली. दोनशेच्या दोनशे चेंडू ओळीने चिकटवले, वाळवले, पुन्हा पाण्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई आल्या. वयस्कर, शांत. त्यांनी एका चेंडूला बोट लावलं, तर अख्खा तराफा जाऊन टबाच्या कडेला आपटला. त्या म्हणाल्या, "सर, सुबक आहे. पण हे मेलंय. जिवंत असतं तर बाजूला सरकून वाट दिली असती." बक्षीस गेलं, त्याचं काही नाही. वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं.

बाकी सर्व क्षेम. गुडघा शेकत जा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका.

ता. क. दुसरा : काल तिची खुर्ची खिडकीपाशी नेली. ती नेहमी तिथे ओढायची आणि मी परत भिंतीला लावायचो. उजेड हवा म्हणायची. बसून पाहिलं. उजेड बेताचाच आहे. तिथून फक्त शाळेचं फाटक दिसतं, आणि त्यातून घरी यायला निघालेला माणूस. दादा, पत्र दाखवाच, आणि मी तिला न्यायला येऊ का, तेवढं विचारा.