एक्केचाळिसाव्या डिव्हिजनची वही

मी, अंकुश किसनराव झाडे, वय ५७, बी.कॉम., महाविद्यालयीन कार्यालय अधीक्षक, राहणार सावंगी (मेघे), जि. वर्धा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना, माझ्या पश्चात काय व्हावे ते येथे ठरवून देतो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व ठेवी पत्नी सौ. जया हिच्या.

२. फिलिपिन्सच्या एक्केचाळिसाव्या पायदळ डिव्हिजनच्या दुसऱ्या महायुद्धातील काळावरील माझे हस्तलिखित, सर्व हक्कांसह, मुलगी गुंजन हिचे. पुतण्या आदेश मनिलात डॉक्टरी शिकत असता त्याच्या घरमालकीण लुर्देसबाई यांनी, त्या डिव्हिजनमध्ये लढलेल्या आपल्या वडिलांची वही मला विश्वासाने दिली. आदेशने ती वाचून मराठीत सांगितली. मी अकरा वर्षे लिहिले. ते सैनिक अर्ध्या शिध्यावर लढले आणि कैदेत पाण्यावाचून चालता चालता मेले. म्हणून अक्षय तृतीयेला पितरांच्या घागरीशेजारी मी त्यांचीही एक भरतो. आदेश हसायचा, "काका, तुमी त अख्खी पलटनच जेवाले बोलावली!"

३. नावांचे उच्चार तपासण्यासाठी दिलेली प्रत आदेशने गेल्या वर्षी स्वतःच्या नावाने छापली. मला ते प्रकाशनाच्या निमंत्रणपत्रिकेवरून कळले. जया म्हणाली, "मांगतलं असतं त नाव देऊन टाकलं असतं तुमी." दिले असते.

माझी तक्रार त्या पुस्तकाच्या पान ११२ विषयी आहे. ३ एप्रिल १९४२ रोजी जपानी तोफांनी रान पेटले, तुकड्या विस्कटल्या, हे मी लपविलेले नाही. परंतु ९ एप्रिलला शस्त्रे ठेवली ती वरिष्ठांच्या हुकमाने. आदेशने तेथे छापले : "डिव्हिजन पळून गेली." विचारले तेव्हा म्हणाला, "हुकूम आला होता हे कोन वाचते जी? पळाले म्हटलं का लोक वाचते." १९४६ साली अमेरिकेने कायदा करून आपल्याच झेंड्याखाली लढलेल्या याच सैनिकांची सेवा नाकारली. ते प्रकरण मी परक्यांचे म्हणून लिहिले होते; आता तसेच नाकारणे माझ्या घरातून झाले.

४. मूळ वही आदेशने स्वतः मनिलास नेऊन लुर्देसबाईंच्या हाती द्यावी आणि आपल्या पुस्तकाचे पान ११२ त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे. वर्षभरात तो न गेल्यास वही गुंजनने पोचवावी.

५. वडनेर येथील माझे स्वकष्टार्जित दीड एकर शेत आदेशला देतो. कलम ४ पाळो वा न पाळो. शेतासाठी गेलो, असे म्हणण्याची सोय मी त्याला ठेवलेली नाही.

साक्षीदार :
१. तानबा महादेवराव भोयर (सही)
२. जयवंता नामदेव चौधरी (सही)

अंकुश किसनराव झाडे (सही)
सावंगी (मेघे), १४ नोव्हेंबर २०२५