माळावरचा तांबेरा

बोरी, ३ सप्टेंबर २०२४

चि. राजेश्रीस,
सूर्यभानकाकाचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे. तुझी काकू तेवढी गुडघ्यानं बेजार हाय.

मोजणीचा कागद एस.टी.च्या ड्रायव्हरसोबत धाडलाय. पुढं ऊन वाढलं तर माळाचं काय हुईल ते बघायला तू त्या बिनछपराच्या प्लास्टिकच्या पेट्या मांडल्यास. त्यात बाहेरच्यापेक्षा दोन अंश गरमी जास्त हाय. तिथल्या गवतावर तांबेरा लय पसरायलाय. शंभरातली साठ पानं तांबडी, बाहेर पाचच. परवा ते बघून तू रडलीस, माझ्या मनातून जाईना. एवढी शिकलेली पोर गवतासाठी रडती, काकूला नवलच वाटलं!

जेवत जा. आमच्यावर माया असू दे.
तुझा काका

परभणी, १८ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.
तुमचा नवा कागद तीनदा तपासला. पेट्यांतल्या नव्या पानांत तांबेरा शंभरात जेमतेम बारा! म्हणजे उष्णतेत रोग आधी वाढतो, पण नंतर गवत सावरतं. सर म्हणाले, तीन वर्षांत पहिल्यांदाच काही आशेचं हाती लागलं. शुक्रवारी कॉलेजात सगळ्यांसमोर हेच वाचणार आहे.

काकूला सांगा, आता रडत नाही. तुमच्यामुळे झालं, काका. पेढे घेऊन येते.
तुमची लाडकी (काकू म्हणेल, लाडकी कसली!),
राजेश्री

बोरी, १९ सप्टेंबर

चि. राजेश्री,
आशीर्वाद लिहायला हात धजंना. शुक्रवारी ते वाचू नको, बाई. गवत सावरलं न्हाई. तू गेल्यावर मी पेट्यांत गंधक मारलं, मिरचीला मारतो तसं, दोनदा. मोजताना एक पान चुकवलं न्हाई, पण पेट्याच खोट्या केल्या.

कशाला हात लावू नका म्हणाली होतीस. पण आपल्या घरात पिकावर रोग दिसल्यावर कुणी नुसतं मोजत बसलं न्हाई गं. फोनवर सांगायला जीभ रेटंना. तुझी तीन वर्षं मी मातीत घातली. शिव्या दे, पण बोलणं सोडू नको.

आनखी एक. आज बाहेरचा माळ मोजला. औंदा ऊनच तसलं हाय. पेटी न्हाई, काय न्हाई, तरी शंभरात चाळीस पानं तांबडी. म्हशीनं हुंगलं आन् मागं फिरली. उरलेलं गंधक घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. पिशवी दोन किलोची, आन् माळ कुठवर हाय ते तुला ठावं हाय.

राग सरला की ये.
तुझा काका