मैद्याचा गोळा

अहो,

घाबरू नका, पण चिठ्ठी वाचली की तडक हॉस्पिटलात या. तुमच्या ताईंना ऑपरेशनला आत घेतलंय. मी त्यांचे कपडे न्यायला आले होते.

दुपारी त्यांच्या पोटात एकदम कळ आली. मी म्हटलं गॅस असेल, आणि गरम पाण्याची पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात आपली लेक, तुम्ही चिडवता त्या डॉक्टरीणबाई, मेडिकल कॉलेजातून आली. तिने नुसता हात ठेवला आणि म्हणाली, "आई, आत्याचं पोट फळीसारखं झालंय, सैल सोड म्हटलं तरी सुटत नाही. अपेंडिक्स फुटलं असेल, नाहीतर अल्सरला भोक पडलं असेल. शेक नको, गोळी नको, पाण्याचा घोटही नको. आधी गाडी बोलाव!" ताई डाफरत होत्या, पण पोरगी हटली नाही.

अल्सरच फुटलाय. मोठे डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी पोरीला विचारलं, कसं ओळखलंस? तर म्हणते, "घरातली सगळी पोटं रोज दाबते. आत्याचं किती मऊ असतं, ते मला पाठ आहे." माझी मान अशी ताठ झाली, की नर्सला वाटलं मलाच काही झालंय.

पण सगळी पोटं नाही हो. "मी काय बेकरीतला मैद्याचा गोळा आहे?" म्हणून तुम्ही खेकसलात, तेव्हापासून तुमचं तेवढं राहिलंय. घरी आलो की तिने मागायच्या आत आडवे व्हा. आणि हसू नका. हसलं की पोट कडक होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.